पहिल्या सेमिस्टरचं मूळ कारण

पहिल्या सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेत, जिला कॉलेजात सगळे इन-सेम म्हणतात, मला गणितात तीसपैकी सात मिळाले. मेकॅनिक्समध्ये त्याहूनही कमी. बारावीनंतर आमच्या क्लासच्या फलकावर माझा फोटो लागला होता, तो अजून पिंपरीच्या चौकात उन्हाने फिका पडत होता. कॉलेजला जाताना बस त्याच्या समोरूनच जायची. मी त्या वेळी मोबाइलमध्ये बघायचे.

नापास होण्याचं कारण विचाराल तर सांगण्यासारखं खूप होतं. सर फळ्याकडे तोंड करून इंग्रजीत बोलायचे आणि त्यांचं वाक्य माझ्यापर्यंत पोचून मराठीत होईपर्यंत फळा पुसलेला असायचा. माझ्या आजूबाजूच्या मुलामुलींना त्यातलं निम्मं आधीच येत होतं, कुठल्या कुठल्या महागड्या क्लासात ते शिकून आले होते. आम्ही राहायचो कासारवाडीत आणि कॉलेज पुनावळ्याच्या बाजूला, म्हणजे डांगे चौकात बस बदलून, उभ्याने. पण ही सगळी वरवरची कारणं. खरं कारण एवढंच होतं, की मला मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचंच नव्हतं. मला शिक्षिका व्हायचं होतं. बीएस्सी करायचं, मग बीएड, आणि एखाद्या शाळेत पोरांना गणित शिकवायचं. ही इच्छा मी घरात एकदाच बोलून दाखवली. तेव्हा पप्पा हसून म्हणाले होते, "मास्तरीण व्हायला एवढे मार्क कशाला पाडलेस माय?"

पप्पांना मी दोष देऊ शकत नाही, हीच तर पंचाईत आहे. ते चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ऑपरेटर आहेत. बीडकडून आले, बरीच वर्षं कंत्राटावर काढली, मग कायम झाले. त्यांच्या लाइनवर एक तरुण मॅडम इंजिनिअर म्हणून आली होती. निळा कोट, पायात सेफ्टी शूज, आणि ती बोलायला लागली की मोठे साहेब हातातलं काम थांबवून ऐकायचे. पप्पांनी ते बघितलं आणि त्याच दिवशी माझं ठरलं. ॲडमिशन झाल्यावर त्यांनी कंपनीच्या बसमध्ये झाडून सगळ्यांना पेढा दिला. तेव्हापासून नाशिक फाट्याला त्यांच्यासोबत बसची वाट बघणारे काका मला बघितलं की "काय इंजिनिअर!" अशी हाक मारायचे, आणि मी मान खाली घालून पुढे निघायचे.

घरात त्या साली अभ्यास करणारी मी एकटी नव्हते. आई दहावीला बसणार होती. नववीनंतर तिचं लग्न झालं होतं. माझी ॲडमिशन झाली त्याच पावसाळ्यात तिने जवळच्या शाळेत जाऊन सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी असतो तो. पप्पा म्हणाले, "बस की, कोण नको म्हणतंय." त्यात विरोधही नव्हता आणि विशेष कौतुकही नव्हतं. बायकोने भिशी लावली तरी ते याच आवाजात "लाव की" म्हणाले असते.

अभ्यासाच्या सवयी म्हणतात त्या आमच्या घरात फक्त आईला होत्या. इतिहास ती पोळ्या लाटताना मोठ्याने म्हणायची. घरमालकीण ओट्यावर बसून लसूण सोलता सोलता ते ऐकायची. बीजगणिताचं उदाहरण सोडवून झालं की आई त्यावर एक स्टीलची ताटली झाकायची आणि तेच उदाहरण खाली पुन्हा पहिल्यापासून सोडवायची. उत्तर जुळलं नाही तर चूक शोधत बसायची नाही. दोन्ही खोडायची आणि तिसऱ्यांदा करायची. मी म्हणायचे, "अगं, कुठं चुकलं ते बघ ना, वेळ वाचेल." ती म्हणायची, "वेळ वाचवून काय करू? मला ते आलं पाहिजे."

पप्पांच्या शिफ्टप्रमाणे घरातल्या वेळा बदलायच्या, पण संध्याकाळची सातची वेळ आमची ठरलेली होती. कुकर लावला की ती फोल्डिंगचं टेबल उघडायची आणि मी तिला शिकवायचे. कॉलेजात दिवसभर मुकी असलेली मी त्या टेबलापाशी बोलायला लागायचे. दिवसातला तेवढाच एक तास असा होता, जेव्हा मला काहीतरी येतंय असं वाटायचं. एकदा प्रमेय समजावून सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला, की त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

तर, ते सात मार्क. निकाल लपवायचा माझा विचार होता, पण कॉलेजवाले पालकांच्या मोबाइलवर मेसेज पाठवतात, हे मी विसरले होते. गुरुवार होता, पप्पांच्या सुट्टीचा वार. मी घरी आले तेव्हा ते फोल्डिंगच्या टेबलापाशी बसले होते. समोर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून अंथरलेलं आणि हातात कंपनीचं मार्कर.

"ये माय, बस," ते म्हणाले. "भांडायचं नाही, रडायचं नाही. कंपनीत आमी माणसाला दोष देत नाही. प्रोसेस बघतो."

त्यांच्या कंपनीत पार्ट खराब निघाला की 'व्हाय-व्हाय' करतात. का झालं, ते विचारायचं. आलेल्या उत्तराला पुन्हा का, त्याच्या उत्तराला पुन्हा का. असं करत पाच वेळा खाली उतरलं की मूळ कारण हाताला लागतं, असं त्यांचं म्हणणं. पप्पा त्यांच्या क्वालिटी सर्कलचे, म्हणजे अशी कारणं शोधणाऱ्या कामगारांच्या गटाचे, लीडर होते आणि या विद्येवर त्यांची अपार श्रद्धा होती. घरातला मिक्सर बंद पडला तरी ते असंच विचारायचे. फक्त घरात ते 'व्हाय' म्हणायचे नाहीत, 'कामून' म्हणायचे.

"मार्क कमी पडले. कामून?"

"गणितं सुटली नाहीत."

त्यांनी ते लिहिलं, खाली बाण काढला. "कामून?"

"वर्गात शिकवलेलं कळलं नव्हतं."

"कामून?"

"लक्ष लागत नाही."

पुन्हा बाण. पप्पांनी मार्कर उचललं आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, मायेने बघितलं. "लक्ष लागत नाही. आता नीट सांग माय. कामून लागत नाही?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. ॲडमिशन झाल्या दिवसापासून तयार होतं. मी श्वास घेतला.

"मपल्यामुळं," आई म्हणाली. ती कणीक मळत होती, तशीच भरल्या हातांनी बाहेर आली होती. "रोज सांजच्याला तिचा सगळा वेळ मी खाते. मला शिकवत बसती. मग तिचा अभ्यास कवा व्हायचा?"

"नाही पप्पा, तसं नाहीये," मी म्हणाले. "तो वेळ तर—"

"थांब माय, थांब." ते लिहायला लागले होते. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. इतका वेळ त्यांनाही भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं. आता कारण सापडलं होतं, आणि ते दुरुस्त करता येण्यासारखं होतं.

"पप्पा, आईचा काही संबंध नाही. मला मेकॅनिकलच मुळात—"

"ताटं घे आधी," आई मध्येच म्हणाली. "त्यांना उद्या फर्स्ट शिफ्ट हाय, लवकर जेवू दे." आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी उठून ताटं घ्यायला लागले.

जेवणं झाल्यावर मोरीपाशी मी तिला गाठलं. "खोटं का बोललीस?"

"तू काय बोलणार व्हतीस ते मला दिसत व्हतं," ती भांडी विसळत म्हणाली. "ते सगळ्या कंपनीत सांगून बसलेत, मपली पोरगी मेकॅनिकलला हाय. आता कुठं माघारी घेणार? मपलं काय, पुढच्या साली बी बसता येतंय."

त्या कॅलेंडरच्या पानाची घडी झाली नाही, ते भिंतीवर चिकटलं. समस्या, मूळ कारण, उपाय, जबाबदारी. उपायासमोर लिहिलं होतं, 'आईचा अभ्यास सध्या बंद'. शेजारी प्रत्येक आठवड्याचा चौकोन. आठवडा नीट गेला तर हिरवा, नाही तर लाल. जबाबदारीसमोर पप्पांनी आईला सही करायला लावली. कंपनीत तशी पद्धत आहे म्हणे. तिने केली, तीही हसत, आणि मला त्या दोघांचाही संताप आला.

दुसऱ्या दिवसापासून सातच्या सुमाराला टेबल एकट्या माझ्यासाठी उघडलं जायला लागलं. आई चहा ठेवून जायची. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून ती भात दुपारीच लावून ठेवायला लागली. पोळ्या लाटताना तोंड बंद. एक दिवस घरमालकिणीने मला ओट्यावर थांबवलं. जुन्या गावातल्या त्या, रेल्वेच्या पलीकडे कधीकाळी त्यांची वांग्याची शेती होती. म्हणाल्या, "तुज्या आयचा आवाज बंद झाला गं. बरी हाय न्हवं?" मी म्हटलं, बरी आहे. "मंग म्हनत का न्हाई? त्या राजाचं पुढं काय झालं ते कळलंच न्हाई आमाला." मी काहीतरी बोलून आत आले.

घर इतकं शांत मी कधी बघितलं नव्हतं, आणि त्या शांततेत मला एक अक्षर सुचायचं नाही. पहिले दोन आठवडे मी पुस्तक उघडून नुसती बसून राहिले. दोन्ही चौकोन पप्पांनी तरीही हिरवे केले, कारण मी बसलेली त्यांना दिसत होते. मग हळूहळू एक विचार माझ्या डोक्यात घर करून बसला. मी नापास झाले, तर हे मूळ कारण खोटं ठरतं. पान भिंतीवरून उतरतं, आई पुन्हा टेबलाशी येते. आणि मी पास झाले, चांगली पास झाले, तर पप्पांचं म्हणणं पक्कं होतं. मग आयुष्यभर कुणी कितीही सांगितलं तरी त्यांना ते पटणार नाही. मी जितका अभ्यास करेन तितकी आईची दहावी लांब जाणार होती. असं गणित कुठल्या मुलीला पडलं असेल मला माहीत नाही. मला ते पडलं होतं, आणि ते सोडवायला ताटली झाकून उपयोग नव्हता.

पण मुद्दाम नापास होणं मला जमणार नव्हतं. पप्पा थर्ड शिफ्ट करून सकाळी यायचे, डोळे लाल, आणि झोपण्याआधी त्या पानासमोर उभे राहून हिरवे चौकोन बघायचे. ते बघून कुणाला पेपर कोरा सोडता येईल?

म्हणून मी अभ्यासाला लागले. कसा, ते सांगायला हवं, कारण त्यात थोर असं काहीच नव्हतं. मी आईचीच पद्धत उचलली. उदाहरण सोडवायचं, झाकायचं, पुन्हा पहिल्यापासून सोडवायचं. नाही जुळलं तर दोन्ही खोडायचं. वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसायला लागले, म्हणजे फळा पुसण्याआधी सर दिसायचे तरी. न कळलेली इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी उतरवून घ्यायचे आणि बसमध्ये त्यांचं मराठी करायचे. ट्युटोरियलच्या मॅडमना एकदा धीर करून विचारलं, "मॅडम, हे मराठीत सांगता का?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "इतके दिवस कुठं होतीस? मी पण मराठीतूनच शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत." नंतर त्या मला जेवणाच्या सुट्टीत दहा-पंधरा मिनिटं द्यायच्या. सगळ्यात उपयोगी पडलं ते वेगळंच. एकटी असताना मी समोर कुणीतरी बसलंय असं समजून प्रत्येक उदाहरण मोठ्याने समजावून सांगायचे. कोण बसलंय हे वेगळं सांगायला नको. ती खरी तिथून चार पावलांवर स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पाठ करून उभी असायची, आणि वळायची नाही.

दिवाळीच्या आगेमागे शाळेतून तिला फोन आला. परीक्षेचा अर्ज भरायला या, मुदत संपत आलीय. ती म्हणाली, "यंदा नको मॅडम. पोरीचं इंजिनिअरिंग हाय." मी पप्पांशी कडाडून भांडले. त्यांना म्हणाले, अर्ज तरी भरू द्या, अभ्यासाचं बघता येईल. ते खरोखर गोंधळले. "मी कुठं नको म्हणालो? तिलाच नको वाटतंय. आन् उपाय अर्धवट सोडला तर रिझल्ट कसा कळणार?" मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "तू आधी तुपलं बघ." मुदत गेली. त्या दिवशी मी उपाशी झोपले, त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

सेमिस्टरचा निकाल लागला. सगळे विषय सुटले होते. गणितात मी वर्गात चौथी होते. ट्युटोरियलच्या मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावून पाठीवर थाप मारली. बसने घरी येताना मी रडत होते, आणि शेजारची बाई समजूत घालत होती, "होतं गं बाळा, पुढच्या वेळी निघतील विषय."

पप्पांनी पानावर खाली मोठ्या अक्षरात 'क्लोज' लिहिलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांच्या कंपनीत घरातल्या सुधारणांची एक स्पर्धा असते, होम कायझेन म्हणतात. त्यांनी हे सगळं तिथे दिलं आणि त्यांचा नंबर आला. फॅमिली डेला आम्हा तिघांना बोलावणं आलं. आईने लग्नकार्यात नेसायची साडी काढली.

चाकणच्या त्या कंपनीच्या आवारात मांडव घातला होता, खुर्च्यांना पांढरे अभ्रे. पप्पा स्टेजवर गेले आणि मागच्या पडद्यावर आमच्या भिंतीवरचं पान आलं, टाइप केलेलं, कंपनीच्या चिन्हासकट. समस्या: मुलीचे गुण कमी. मूळ कारण: पत्नीचा दहावीचा अभ्यास. उपाय: बंद. परिणाम: मुलगी उत्तीर्ण. एवढ्या साहेबलोकांसमोर ते पहिल्यांदाच बोलत होते, आणि मला त्यांचा अभिमानही वाटत होता, हे कसं सांगू? टाळ्या पडल्या. पुढे बसलेले मोठे साहेब माइक घेऊन म्हणाले, "व्हेरी गुड. आता याचं हॉरिझॉन्टल डिप्लॉयमेंट करा. सगळ्यांनी आपापल्या घरी." म्हणजे एका लाइनवर जमलेला उपाय बाकीच्या लाइनींवरही लावायचा. लोक हसले, पुन्हा टाळ्या. मी आजूबाजूच्या बायकांकडे बघितलं. त्याही टाळ्या वाजवत होत्या. माझ्या शेजारी आई वाजवत होती.

मग तिला स्टेजवर बोलावून साडी आणि श्रीफळ दिलं. निवेदन करणाऱ्या मुलीने विचारलं, "काय वाटतंय मॅडम?" आई म्हणाली, "छान वाटतंय."

परतीच्या बसमध्ये पप्पा पुढे मित्रांमध्ये बसले होते. "राव, भारी झालं आज!" असं कुणी ना कुणी म्हणत होतं. मोशीच्या आसपास ट्रॅफिकमध्ये बस थांबली तशी ते उठून मागे आमच्यापाशी आले. आईला म्हणाले, "आता बस की पुढच्या साली परीक्षेला. प्रॉब्लेम क्लोज झालाय." मनापासून म्हणाले. बंद केलेली मशीन पुन्हा चालू करता येते, एवढंच त्यांना माहीत होतं. आई हसली, मान हलवली. ते पुढे गेले.

"बसशील ना?" मी विचारलं. "मी शिकवते. सगळे विषय घेते. मला आता अभ्यास कसा करायचा ते कळलंय."

"नको गं."

"का नको? तूच म्हणाली होतीस, पुढच्या वर्षी बसेन म्हणून."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर ट्रकांशिवाय काही नव्हतं. मग म्हणाली, "मी शाळेत व्हते तवा गुर्जी म्हणायचे, ही पोरगी लई पुढं जाईल. मग लगीन झालं. मपले भाऊ, मपली माय, सगळे अजून म्हणतेत, ही हुशार व्हती, शिकली असती तर कुठल्या कुठं गेली असती. आयुष्यभर ऐकत आले. म्हणलं, एकदा बघावं, खरंच व्हते का."

"मग बघ ना."

"फॉर्म भरला तवा धीर व्हता. तुझ्यासंगं रोज बसत व्हते, येतंय असं वाटत व्हतं. आता भ्या वाटतंय. बसले आन् नापास झाले तर? आज निदान हुशार व्हते असं म्हणतेत तरी. तेवढं एकच हाय मपल्यापाशी. ते कशाला घालवू?"

मी तिचा हात धरला. खोडून पुन्हा सोडवल्यावर तिची एकही पायरी चुकीची उरायची नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला शिकवलं होतं मी. "आई, तू झाली असतीस पास," मी म्हणाले. "खरंच सांगते, चांगली पास झाली असतीस."

"हां," ती म्हणाली. "सगळे तसंच म्हणतेत."